उल्रिकेच्या घरच्या पाहुण्या

उल्रिके माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायची. आधी पाय, मग चाल, मग जमलं तर चेहरा. तिचा धंदाच तो होता. ज्यांचे पाय वाकडे आहेत, एक आखूड आणि एक लांब आहे, डायबेटिसनं बोटं गेली आहेत, अशा लोकांसाठी ती बूट बनवायची. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या त्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही राहायला गेलो त्या दिवशी जिन्यात खोकी पसरली होती, मी घामाघूम झाले होते, आणि खालच्या मजल्यावरची ही उंच, हाडकुळी बाई दारात येऊन उभी राहिली. मी हात पुढे केला, नाव सांगितलं. ती माझ्या सँडलकडे बघत म्हणाली, "डावी टाच दुखते ना?"

"नाही," मी म्हटलं.

दुखत होती. चांगली ठणकत होती. पण पहिल्याच भेटीत आपली दुखणी उकरून काढायची म्हणजे काय? मी पुण्याची. आमच्याकडे हे काम फक्त सासरची माणसं करतात. त्या दिवशी मी नवऱ्याला सांगून टाकलं, खालची बाई खडूस आहे, फार जवळीक नको. पुढे त्याच बाईकडे मी दिवसातून तीनदा जायला लागले, ते सोडा.

केस ती स्वतःच कापायची, तळघरातल्या बेसिनवर वाकून, आणि ते तसे दिसायचेही. अंगावर कायम चामड्याचा तपकिरी एप्रन. राग आला की ती बोलायची नाही, शीळ घालायची, आणि ती शीळ इतकी गोड असायची की नवीन माणसाला वाटावं, वा, बाई आज खुशीत आहे! पाहुणे बसलेले असताना तिनं दोन्ही मांड्यांवर हात आपटून "आल्झो!" म्हटलं की समजायचं, उठा आता. आपल्याकडे निघतो निघतो म्हणत दारात अर्धा तास गप्पा होतात, तो प्रकार तिच्याकडे नव्हता. मी एकदा तिच्या दारात चपला घालून बोलत उभी राहिले, तर तिनं मला परत आत बोलावलं आणि खुर्ची दिली. म्हणाली, "बोलायचं असेल तर बस. जायचं असेल तर जा. मधे काय आहे?"

तिचा नवरा माथियास वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात पाळ्यांवर जायचा. अंगानं धिप्पाड, स्वभावानं गाय. दोघांना मूल नव्हतं. दत्तक घ्यायचं त्यांनी कधीच ठरवलं होतं, पण वर्षं जात राहिली, वय वाढत गेलं, आणि मग दत्तक देणाऱ्या संस्थेकडून त्यांना विचारण्यात आलं की तान्हं बाळ आता मिळणार नाही, थोडी मोठी मुलं घ्याल का? दोघी बहिणी आहेत, एकत्रच राहतील, भारतातल्या आहेत. दोघांनी हो म्हटलं.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी उल्रिके वर आली. कधी नव्हे ते तिनं सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्या मराठी बोलतात. मला शिकवशील?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! परदेशात येऊन इतकी वर्षं झाली, माझी स्वतःची मुलगी ईशा माझं सगळं मराठी ऐकून घेते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. घरात मराठी बोलते ती मी आणि प्रेशर कुकर. आणि ही जर्मन बाई शिकव म्हणतेय! मी उत्साहानं पहिलंच वाक्य घेतलं, "मी तुझी आई."

उल्रिकेनं ते तोंडातून काढलंच नाही. "हे मी कसं म्हणणार?" ती म्हणाली. "ते त्या ठरवतील."

"अगं, आमच्याकडे असं कुणी ठरवत नाही. आई म्हणजे आई असते."

"तुमच्याकडे मूल आधी पोटात असतं," ती म्हणाली.

तिला वेगळीच वाक्यं हवी होती. दुखतंय का? परत सांग, मला कळलं नाही. तू चिडलीस का? आणि एक वाक्य तिनं हिवाळाभर घोटलं, "नको असेल तर नको." 'ळ' तिला शेवटपर्यंत जमला नाही, पण हे वाक्य ती माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणायची. चामड्याला टाके घालताना म्हणायची, बागेतला बर्फ लोटताना म्हणायची. मी हसायचे. इतकं घोटायला त्यात आहे काय, असं मला वाटायचं.

जूनमध्ये ती दोघं जाऊन मुलींना घेऊन आली. मी शिरा करून ठेवला होता, औक्षणाचं ताट घेऊन फाटकात उभी होते. गाडीतून आधी थोरली उतरली, वैशाली, नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, त्यांना लाल रिबिनी. तिच्या फ्रॉकचं टोक धरून धाकटी पिंकी, पाच वर्षांची. कागदोपत्री ती प्रियांका, पण तिनं स्वतः सांगितलं, पिंकी. दोघी विदर्भातल्या एका बालगृहातून आल्या होत्या. मी विचारलं, "दमलात का गं?" तर वैशाली म्हणाली, "नाही जी." ते 'जी' ऐकून माझे डोळे भरले. कितीतरी दिवसांत कुणा लहान मुलानं मला मराठीत उत्तर दिलं नव्हतं.

मग दोघी ओळीनं वाकल्या. उल्रिकेच्या पाया पडल्या, माथियासच्या पडल्या, माझ्या पडल्या, ईशाच्या पडल्या. तेवढ्यात पोस्टमन आला तर त्याच्याही पडल्या. तो बिचारा दोन पावलं मागे सरकून बुटाला काही चिकटलंय का बघू लागला.

मला कोण अभिमान! मी उल्रिकेला सगळं समजावलं, संस्कार म्हणजे काय, थोरामोठ्यांचा मान म्हणजे काय. ती ऐकत राहिली. पण त्या दोघी रोज सकाळी उठल्या की तिच्या पाया पडायच्या, आणि ती दरवेळी अवघडायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांशी बसलेली बाई, तिच्या पायांशी कुणी आलेलं तिला सोसेना. एक दिवस म्हणाली, विचार तिला, असं का करतात.

मी वैशालीला विचारलं. ती म्हणाली, "आमच्या मॅडमनं सांगतलं हाय ना, पाहुने आले का पाया पडाचं. पाहुने खाऊ आनते."

मी उल्रिकेकडे वळून जर्मनमध्ये म्हटलं, "म्हणते, तुम्ही मोठे आहात, तुमचा आशीर्वाद हवा म्हणून पडतो. लहानपणापासून तसं शिकवलंय, मनात तुमच्याबद्दल खूप आदर आहे."

उल्रिके शांतपणे म्हणाली, "ती 'पाहुणे' म्हणाली. तो शब्द मला येतो. तूच शिकवलास."

ती पुढे म्हणाली, "मीना, तिनं दोन वाक्यं सांगितली आणि तू मला प्रवचन दिलंस. मला शब्दाला शब्द हवा. गोड करू नकोस. कडू असेल तर कडू दे." त्या दिवसापासून मी नियम पाळायला लागले. मला तो फार जड गेला, कारण गोड करून सांगणं हा आमच्या घराण्याचा स्वभाव आहे. स्थळाला नकारसुद्धा आम्ही असा कळवायचो की समोरच्याला होकार वाटावा.

आणि मग सुरू झाला तो उन्हाळा. बाई गं, काय ती धावपळ! आज दातांचा डॉक्टर, उद्या लशी, परवा नगरपालिकेत नावनोंदणी. पोहण्याचा वर्ग. सायकली. शाळेची दप्तरं. उल्रिकेची बहीण हानोव्हरहून जुने कपडे पोत्यानं घेऊन आली, माथियासची आई केक घेऊन आली, शेजारपाजारची माणसं खेळणी घेऊन आली. मुलांच्या कल्याणाचं बघणाऱ्या सरकारी कचेरीतल्या बाई तपासणीला आल्या. उल्रिके गाडी चालवत होती, वेळा ठरवत होती, दोरीवर इवले इवले मोजे वाळत घालत होती, मधेच तळघरात जाऊन कुणा म्हाताऱ्याचा बूट पुरा करून येत होती.

मुली सगळं ऐकायच्या. हीच तर पंचाईत होती. उठायच्या आणि चादरींच्या घड्या घालायच्या, कडेला कड जुळवून. आंघोळीला खांद्यावर टॉवेल टाकून ओळीत उभ्या राहायच्या, दोघींचीच ओळ. "पानी पिऊ का?" "संडासले जाऊ का?" जेवायला बसल्या तर ताटाला हात लावेनात. पहिल्या दिवशी उल्रिकेनं बटाटे काढून घेतले आणि नूडल्स वाढल्या, नूडल्स काढल्या आणि भात वाढला, तरी दोघी हात जोडून तशाच. शेवटी मला खाली बोलावलं. त्या बिचाऱ्या श्लोक कोण सुरू करतंय ह्याची वाट बघत होत्या! सगळं गार झालं होतं. जेवून झालं की आपापली ताटं घासून पालथी घालायच्या आणि भिंतीला पाठ लावून बसायच्या. आता काय करायचं, कुणी सांगेपर्यंत.

कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "किती शहाण्या मुली! असं घर फार क्वचित बघायला मिळतं." उल्रिकेनं त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. नंतर संध्याकाळपर्यंत खालून शीळ ऐकू येत होती.

पिंकी आधी खुलली. माथियासनं एक दिवस बागेतल्या फुगवायच्या पोहण्याच्या टबात मुद्दाम धपकन अंग टाकलं, निम्मं पाणी बाहेर, आणि ती खदखदून हसली. तेव्हापासून तिचा मुक्काम त्याच्या खांद्यावर. तो कामावरून आला की पळत जायची आणि त्याच्या पायाला मिठी घालायची. वैशाली मात्र माझी. दुपारी वर यायची, ओट्याशी पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची आणि बोलायची. काय बोलायची! त्यांच्याकडच्या बोरांबद्दल, वॉर्डनच्या कुत्र्याबद्दल, कोण कुणाची मैत्रीण होती आणि 'काऊन', म्हणजे का, कट्टी झाली. मी ऐकत राहायचे. मला ती आवडायला लागली होती, खोटं कशाला बोलू? आपल्या भाषेत कुणी आपल्याला उलट प्रश्न विचारतंय ह्याची मला भूकच लागली होती.

आणि उल्रिके? सगळं घर तिच्याभोवती फिरत होतं आणि तिच्याजवळ थांबत कुणी नव्हतं. तिला त्या "मॅडम" म्हणायच्या. तो शब्द कळायला तिला मी लागले नाही. रात्री वेण्या सोडायला ती बसायची, तर वैशाली आधीच पिंकीच्या आणि स्वतःच्या सोडून रिबिनी गुंडाळून ठेवायची. पिंकीचा गुडघा फुटला तर वैशाली धावायची, पिंकीला रात्री भीती वाटली तर वैशालीच्या पांघरुणात. इतकी वर्षं तिनंच बहिणीला सांभाळलं होतं, ती ते काम दुसऱ्याच्या हाती कशाला देईल? उल्रिके मलमाची ट्यूब हातात घेऊन दारात उभी राहायची. एवढी उंच बाई, पण त्या दारात अगदी एवढीशी दिसायची. मला तिची दया यायची, आणि लगेच वर वैशाली वाट बघत असेल ह्या विचारानं मी जिना चढायचे.

जुलैमध्ये चेरी पिकल्या. गावाबाहेर रुळांच्या पलीकडे त्यांची भाड्यानं घेतलेली छोटी बाग होती, तिथं आम्ही सगळे गेलो. टेबलावर उल्रिकेच्या आईच्या हातची पांढरी भरतकामाची चादर. मी म्हटलं, "अगं, चेरीला ही काढलीस? डाग जायचे नाहीत." ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आज मी सांडणार आहे."

"काय सांडणार आहेस?"

"त्यांनी अजून काही सांडलेलं नाही. मीना, पाच वर्षांचं मूल दूध सांडत नाही, हे मला बघवत नाही. सांडलं तर काही होत नाही, हे मी त्यांना दाखवणार."

सगळे बसलो. तिनं चेरीच्या रसाचा भरलेला पेला उचलला आणि सरळ आडवा केला. लाल रस त्या पांढऱ्या कापडावरून धावत सुटला. तिनं हात वर केले आणि मोठ्यानं हसली, अगदी लहान मुलासारखी. माथियास हसला, मी हसले, ईशासुद्धा फोनमधून मान वर काढून हसली.

वैशाली उठली होती. तिनं गळ्यातला नॅपकिन काढला, स्वतःच्या फ्रॉकचा घेर धरला आणि पुसायला लागली. पुसते आहे, पुसते आहे, आणि पांढरी फटक पडली आहे. पिंकी टेबलाखाली. वैशाली पुटपुटत होती, मी वाकून ऐकलं. "म्या नाही सांडलं. पिंकीनं बी नाही सांडलं. सांगा ना जी त्यायले, आमी नाही सांडलं."

हसणं जागच्या जागी मेलं. उल्रिकेनं विचारलं, काय म्हणते? मी शब्दाला शब्द सांगितलं. ती गुडघ्यांवर बसली, वैशालीचा हात धरायला गेली, आणि घोटून घोटून तयार केलेलं ते वाक्य म्हणाली, "नको असेल तर नको." तिथं त्याचा काही अर्थ लागत नव्हता, पण तिच्याजवळ दुसरं होतं काय? वैशालीनं मान हलवली आणि पुसत राहिली.

घरी आल्यावर मी तळघरात गेले. उल्रिके बाकावर बसली होती, समोर बूट बेतायची लाकडी पावलं मांडलेली. ती रडत होती आणि रडताना नाक पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं. "मी त्यांना घाबरवलं," एवढंच म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले. पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं, पण तिला असलं चालतं की नाही, मला कधीच कळलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, एका दुपारी वैशाली माझ्याकडे पोळ्या लाटत होती. उल्रिके तिला डॉक्टरकडे न्यायला वर आली. अजून वेळ होता म्हणून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. वैशालीनं लाटणं थांबवलं. उल्रिकेला आपलं बोलणं कळत नाही ह्याची तिला खात्री असावी. माझ्याकडे बघून अगदी व्यवहारी आवाजात तिनं विचारलं, "मावशी, हे मॅडम आमाले परत पाठवनार असन तं तुम्ही आमाले ठेवसान का जी?"

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. म्हटलं, "परत कोण पाठवतंय तुला?"

"आमच्याइथली एक पोरगी गेली होती ना अशीच. नीट नाही वागली, तं परत आली. मी पिंकीले सांगून ठेवलं हाय. पन पिंकी आता हसते लय. गोंधळ घालते. म्हनून इचारलं."

उल्रिके म्हणाली, "काय?"

मी म्हटलं, "काही नाही, उगीच आपलं..."

"मीना."

मग मी सांगितलं. एकेक शब्द. माझ्या जिभेला इतकं जड काही मी कधी उचललं नव्हतं. उल्रिके ऐकत असताना तव्यावरची पोळी जळली आणि कुणीच ती काढली नाही. ती स्टुलावरून खाली उतरली, वैशालीच्या पाटाशी बसली, वर बघून म्हणाली, "परत नाही. वैशाली. परत नाही."

"हव, मॅडम," वैशाली म्हणाली, आणि मान डोलावली. मोठी माणसं काही म्हणाली की डोलवायची असते, म्हणून डोलावली. तिचा विश्वास बसलेला नाही, ह्याबद्दल तिघींपैकी एकीलाही शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिके एकटीच आली. बसली. मांडीवर हात आपटले नाहीत. म्हणाली, "तू तिला वर बोलावणं बंद कर."

मला आधी कळेच ना. "म्हणजे?"

"तिला वाटतं, खालचं घर गेलं तर वरचं आहे. जोवर तुझं दार उघडं आहे तोवर ती माझ्याकडे पाहुणीच राहणार. तिच्याकडे जायला दुसरी जागा आहे."

"आणि ती बोलणार कुणाशी? तिच्या भाषेत तिला कोण विचारणार?"

"मला माहीत आहे मी काय काढून घेते आहे."

मला राग आला. आला म्हणजे काय, असा आला की मी म्हणू नये ते म्हटलं. म्हटलं, "तुला हेवा वाटतो माझा."

"वाटतो," ती म्हणाली. "रोज वाटतो. पोळीच्या वासाचासुद्धा वाटतो. पण त्यासाठी नाही सांगत. तुझ्याकडे तिला बरं वाटतं, मीना. माझ्याकडे तिला कायमचं राहायचंय."

दुसरी कुठली बाई असती तर रडली असती, माझे हात धरले असते, आणि मी तिला चार गोष्टी सुनावल्या असत्या. हिनं नुसतं सांगितलं. भांडायला जागाच ठेवली नाही. मी म्हटलं, "बरं." ती गेल्यावर ओट्याशी ठेवलेला तो पाट मी आत नेऊन ठेवला. मग बराच वेळ तणतणत होते. चांगुलपणाचा हा मोबदला, जर्मन माणसं अशीच, सगळं सगळं म्हणून घेतलं. ऐकायला कुणी नव्हतं.

वैशाली त्या दुपारी आलीच. दारावर टकटक झाली, ती नेहमी करायची तशी, हळू, कुणाला त्रास नको म्हणून. मी पलीकडे उभी होते. कडीवर हात होता. परत टकटक. "मावशी." मग जरा थांबून, "मावशी, मी वैशाली हाय." जशी मी तिला ओळखणारच नाही! मी पॅसेजमध्ये खाली बसले आणि ओढणी तोंडात धरली. ईशा तिच्या खोलीतून बाहेर आली, मला तशी बघून घाबरली, जर्मनमध्ये म्हणाली, "आई, उघडत का नाहीस?" मी हातानंच तिला गप्प केलं. बाहेर पावलं थोडी घोटाळली. मग जिना उतरायला लागली, एकेक पायरी. खालचं दार वाजलं का नाही, हे ऐकायला मी कान लावून बसले. ते लगेच वाजलं नाही. ती जिन्यात बसली होती. आम्ही दोघी एकाच जिन्याला लागून बसलो होतो आणि मधे ते दार होतं.

किती वेळानं कोण जाणे, खालचं दार उघडल्याचा आवाज आला. उल्रिके बाहेर आली. तिच्या एप्रनचा कराकरा आवाज मला ओळखता यायचा. तीही पायरीवर बसली असावी. बोलणं नाही, रडणं नाही. नंतर दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

त्यानंतर मी मुलींना बघितलं ते वरून, खिडकीतून. उल्रिके आणि मी कचऱ्याच्या डब्यांपाशी भेटायचो. मी विचारायचे, "कसं आहे?" ती म्हणायची, "अवघड." एकदा म्हणाली, "काल तिनं मला ढकललं," आणि हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला होता की मला क्षणभर वाटलं, माझं जर्मन चुकतंय. माझ्या घरात दुपारी पुन्हा शांतता. पोळ्या मी लाटायचे, मीच मोजून दोन जास्त व्हायच्या, त्या संध्याकाळी नवरा निमूट खायचा. शहाणा माणूस, त्यानं काही विचारलं नाही. मला मात्र कुणीतरी विचारावं असं फार वाटायचं.

मग नवऱ्याला बाड हॉम्बुर्गला नवी नोकरी लागली आणि आमचं जायचं ठरलं. आदल्या दिवशी उल्रिकेकडे निरोप घ्यायला गेले, तेव्हा मुली शाळेत होत्या. ती वेळ तिनंच निवडली होती. तिनं मला घट्ट मिठी मारली, पहिल्यांदाच. म्हणाली, "तू फार मोठं काम केलंस." मी म्हटलं, "मी काहीच केलं नाही." खरंच होतं ते. काहीच करायचं नाही, एवढंच तर तिनं माझ्याकडे मागितलं होतं.

ऑक्टोबरातली सकाळ, सामानाचा ट्रक रस्त्यावर लागलेला, माणसं आमचं कपाट उतरवत होती. मी रिकाम्या खोलीत खिडकीशी उभी होते. खाली फाटकात वैशाली, हातात सायकल. रस्त्यावर तिच्या वर्गातली एक सोनेरी केसांची मुलगी सायकलवर एक पाय टेकवून तिची वाट बघत होती. वैशालीचे केस आखूड झाले होते आणि वाकडेतिकडे कापलेले होते, कुणी कापले ते सांगायला नकोच. उल्रिके हेल्मेट घेऊन बाहेर आली.

"हेल्मेट."

"नाइन," वैशालीनं जर्मनमध्ये साफ नाही म्हटलं.

"वैशाली, हेल्मेट."

वैशालीनं ते हेल्मेट घेतलं आणि कुंपणाच्या झुडपात भिरकावलं. पोरीनं आता मान खाली घालावी, धावत जाऊन ते उचलून आणावं, माफी मागावी, ह्याची मी वाट बघत राहिले. तिनं पाय आपटला. काय काय ओरडली, सगळं जर्मनमध्ये, भरभर, चुकतमाकत, गल्लीला ऐकू जाईल असं. ट्रकवाली माणसंसुद्धा थांबून बघायला लागली. मग ती मैत्रिणीकडे वळली, डोळे वर फिरवले आणि कंटाळून म्हणाली, "माझी आई ना, नुसतं डोकं खाते."

सायकलवर टांग टाकून ती निघालीसुद्धा.

उल्रिके झुडपात वाकलेली होती, हेल्मेट हाताला लागलेलं. ती तशीच थांबली. वाकलेली, एक हात फांद्यांत. मला वाटलं, आता ही रडेल, आता ही वर माझ्याकडे बघेल. मी खिडकीची काच उघडली. हाक मारावी म्हणून तोंडही उघडलं.

ती ताडकन उठली. केसांत पानं, एप्रन वाऱ्यावर, हातात हेल्मेट, आणि जन्मात कधी आवाज न चढवलेली ती बाई "थांब! थांब म्हणते ना!" असं बोंबलत रस्त्याच्या मधून पळत सुटली. मी वरून हात हलवला. बराच वेळ हलवत होते. तिला मागे वळून बघायला वेळ नव्हता.